पक्षाघातानंतरची दोन कामे

पक्षाघाताविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गेलेली शक्ती कधी परत येईल, हे बहुतेकांनी विचारले आहे. दुसरा झटका येऊ नये म्हणून काय करावे, हे फार थोड्यांनी. पहिले काम मेंदू, स्नायू आणि सराव यांचे आहे, दुसरे रक्तवाहिन्यांचे, आणि दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू होतात. त्यामुळे काही उत्तरांत, प्रश्नात नसतानाही, दुसऱ्या कामाचा उल्लेख आला आहे.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. साडेतीन महिन्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांची उजवी बाजू गेली. आता ते काठी घेऊन चालतात, पण उजव्या हाताची बोटे जेमतेम हलतात. दिवसातून दोन वेळा मालिश चालू आहे. सहा महिन्यांत जे यायचे ते येते, पुढे काही होत नाही, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का? आणि हात पायाच्या इतका मागे का राहिला?

उत्तर : सहा महिन्यांच्या गोष्टीत तथ्य आहे, पण त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर मधल्या भागातील पेशी काही मिनिटांत मरतात आणि त्या परत येत नाहीत. त्यांच्या भोवतालच्या पेशी मात्र शेजारच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या अपुऱ्या रक्तावर तग धरून, पण निष्क्रिय अवस्थेत राहिलेल्या असतात. सूज ओसरते, रक्तपुरवठा सुधारतो आणि यांतील वाचलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे मेंदू नव्या जोडण्या तयार करण्याच्या विशेष तयारीत असतो. या सर्वांमुळे पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने दिसते आणि नंतर तिचा वेग मंदावतो. मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. पुढची सुधारणा आपोआप होत नाही, ती सरावाने मिळवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

हात मागे राहण्याची कारणे शरीररचनेत आहेत. मेंदूतील मधली मोठी धमनी सर्वांत जास्त वेळा अडते आणि तीच हाताच्या व चेहऱ्याच्या केंद्राला रक्त पुरवते. पायाचे केंद्र मेंदूच्या आतल्या बाजूला असून त्याला मुख्यतः पुढची धमनी रक्त देते. चालण्याच्या क्रियेत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि मेंदूचा निरोगी अर्धा भागही मदत करतात. बोटांच्या सूक्ष्म हालचाली मात्र जवळजवळ पूर्णपणे विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येणाऱ्या एकाच मज्जामार्गावर अवलंबून असतात, त्यामुळे तो मार्ग दुखावला की पर्याय फारसा उरत नाही.

याखेरीज एक कारण वर्तनातले आहे. चालायचे तर दोन्ही पाय वापरावेच लागतात, पण एक हात बाजूला ठेवून दिवस निभावता येतो. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले की, संवेदना गेलेला हात प्रत्यक्षात हलू शकत असूनही प्राणी तो वापरणे सोडून देतो, कारण सुरुवातीचे प्रयत्न फसलेले असतात आणि चांगला हात हाताशी असतो. चांगला हात बांधून ठेवल्यावर तेच प्राणी दुबळा हात वापरू लागले. यातून पुढे जी उपचारपद्धती आली तिची अमेरिकेतील मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पक्षाघात होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. दोन आठवडे त्यांच्या चांगल्या हाताला जागेपणाचा बहुतेक वेळ जाड मोजा घातलेला असे आणि दुबळ्या हाताकडून दिवसाचे काही तास कामे करून घेतली जात. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. या पद्धतीला एक अट आहे : मनगट आणि बोटे स्वतःच्या शक्तीने थोडी तरी उघडता आली पाहिजेत. तुमच्या वडिलांची बोटे जेमतेम का होईना हलतात, ही म्हणूनच महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांना ही पद्धत लागू पडेल का, हे फिजिओथेरपिस्टना मुद्दाम विचारा.

मालिशने बरे वाटत असेल तर ती हलक्या हाताने जरूर करावी, पण तिच्याकडून हात सुधारण्याची अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्याने हलवलेला हात सांधे मोकळे ठेवतो. हालचालीची आज्ञा देण्याचा सराव मेंदूला त्यातून होत नाही. तो सराव रुग्णाने स्वतः केलेल्या, किंचित अवघड वाटणाऱ्या आणि असंख्य वेळा केलेल्या प्रयत्नातूनच होतो. अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले की, फिजिओथेरपीच्या एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ च्या आसपासच होतात, तर प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूत बदल झालेले दिसतात त्यांत हीच संख्या काही शे असते. म्हणजे फिजिओथेरपिस्ट घरी येऊन गेल्यावर खरा अभ्यास सुरू व्हायला हवा. पेला धरून सरकवणे, फडक्याने टेबल पुसणे, चिमटे लावणे व काढणे, दिव्याचे बटण त्याच हाताने दाबणे अशी खरी कामे निवडा. नुसता चेंडू दाबत बसण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. तो मला फारसा पसंत नाही, कारण अशा रुग्णाची अडचण मूठ वळण्यापेक्षा मूठ उघडण्यात जास्त असते. बोटे घट्ट आवळली जाऊ लागली असतील तर ताण देण्याचे व्यायाम, पट्टी आणि काही रुग्णांत बोट्युलिनम या औषधाचे स्नायूत दिलेले इंजेक्शन यांनी ती सैल करता येतात आणि मग सरावाला वाट मिळते.

एक काळजी मात्र आजपासून घ्या. वडिलांना उठवताना दुबळ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल पडल्याने तेथील सांधा खाली सरकलेला असतो. त्याला हिसका बसला तर जे दुखणे सुरू होते ते महिनोन् महिने राहते, आणि दुखणारा हात कोणीही वापरत नाही.

उत्साहाचे दुसरे टोकही वाईट असते, हे ज्यांच्या घरी नुकताच झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी सांगतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच आणि वारंवार अंथरुणाबाहेर काढलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा किंचित खालावलेली आढळली. पहिल्या दिवशी घाई नको. त्यानंतर आळस नको.

प्रश्न : मला वर्षापूर्वी सौम्य पक्षाघात झाला होता. आता रक्तदाब १२६/७८ च्या आसपास असतो आणि कसलाही त्रास नाही. मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या? शरीराला त्यांची सवय लागेल अशी भीती वाटते.

उत्तर : तुमचा रक्तदाब १२६ आहे तो गोळ्या चालू असल्यामुळे. त्या बंद केल्यास तो बहुधा पूर्वीच्या पातळीवर जाईल, आणि तेव्हाही तुम्हाला काहीच जाणवणार नाही. काही गोळ्या एकाएकी थांबवल्यास तो पूर्वीपेक्षाही वर उसळतो. यात सवय लागण्याचा प्रश्न येत नाही; ज्या कारणासाठी गोळी दिली ते कारणच कायमचे आहे.

मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या धमन्या एका मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात आणि मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतील दाब फारसा कमी न होता त्यांच्यावर येऊन पडतो. वर्षानुवर्षे हा मारा सोसताना त्यांची भिंत जाड आणि ठिसूळ होते. मग कधी तिची पोकळी बंद होऊन लहानसा पक्षाघात होतो, तर कधी तीच भिंत फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. गुठळीचा आणि रक्तस्रावाचा असे पक्षाघाताचे दोन प्रकार वेगळे मानले जातात आणि त्यांचे तातडीचे उपचार एकमेकांच्या उलट आहेतही, पण उच्च रक्तदाब या दोहोंचे सामाईक मूळ आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, पूर्वी पक्षाघात किंवा त्याची क्षणिक लक्षणे येऊन गेलेल्या ६,१०५ जणांच्या चाचणीत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरवल्यावर चार वर्षांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांचा रक्तदाब रूढ अर्थाने जास्त नव्हता त्यांनाही हा फायदा मिळाला. बहुतेक रुग्णांसाठी आज १३०/८० च्या खालचे उद्दिष्ट धरले जाते. मोठ्या धमन्या फारच अरुंद झालेल्या असतील किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र हे उद्दिष्ट डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गोळी परस्पर बंद करू नये.

घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या उंचीवर असावा, मोजताना बोलू नये, आणि मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यात वरून घेतलेल्या मिठाबरोबर तयार पदार्थांतले मीठही मोजायचे असते, आणि तेथेच हिशेब चुकतो.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी काही दिवस सलाईन लावून घेतले की रक्तवाहिन्या आतून स्वच्छ होतात आणि दुसरा झटका येत नाही, असे सांगणारे भेटतात. आम्ही ते करावे का?

उत्तर : करू नये. रक्तवाहिनीतील चरबीयुक्त थर तिच्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत साठलेला असतो. वाहत्या द्रवाने तो धुऊन निघत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन अस्तित्वात आहे, पण ते ताज्या गुठळीसाठी, लक्षणे सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करूनच देतात. मोठी धमनी अडली असल्यास नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. त्यानंतर महिन्यांनी लावलेल्या सलाईनचा या उपचारांशी काही संबंध नाही.

भिंतीतला थर स्थिर ठेवण्याचे आणि त्याची वाढ रोखण्याचे काम कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन या औषधाच्या रोजच्या गोळीने होते. २००६ च्या एका चाचणीत ॲटोर्व्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेने पुन्हा होणारे पक्षाघात सुमारे १६ टक्क्यांनी घटले. रक्तस्रावाचे प्रमाण त्यात थोडे वाढलेही होते, म्हणून ज्यांना पूर्वी रक्तस्राव झाला आहे त्यांच्याबाबतीत डॉक्टर अधिक विचार करतात. धमन्यांतील अशा थरामुळे पक्षाघात झालेल्यांत एलडीएल, म्हणजे हा थर वाढवणारे कोलेस्टेरॉल, ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. याच्या जोडीला तंबाखू पूर्ण बंद हवी. रक्तवाहिन्यांसाठी एखाद्या माणसाला स्वतःच्या निर्णयाने करता येईल असे याहून मोठे काम नाही.

प्रश्न : पक्षाघातानंतर केलेल्या डॉपलर तपासणीत (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याच्या) मानेच्या धमनीत ४० टक्के अडथळा निघाला. हृदयात घालतात तशी स्टेंट घालून तो का काढत नाहीत?

उत्तर : कारण या टप्प्यावर शस्त्रक्रियेचा धोका तिच्या फायद्यापेक्षा मोठा ठरतो. त्याच बाजूच्या मेंदूची लक्षणे येऊन गेलेली असतील आणि अडथळा ७० ते ९९ टक्के असेल, तर धमनी उघडून थर काढल्याने ठळक फायदा होतो, हे उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९९१ साली दाखवले. असा रुग्ण असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावी. ५० ते ६९ टक्क्यांत फायदा माफक असतो, आणि ५० च्या खाली तो दिसत नाही. तुमच्या ४० टक्क्यांवर उपचार आहे तो गोळ्यांचा, आणि ठरावीक काळाने पुन्हा डॉपलर करून पाहण्याचा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे बोलणे मागच्या आठवड्यात एकदा दहा मिनिटे अडखळले आणि तोंड किंचित वाकडे झाले, नंतर सर्व पूर्ववत झाले. त्या डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत. दुसरे असे की, माझ्या काकांना अशाच प्रसंगानंतर दोन गोळ्या दिल्या होत्या आणि तीन आठवड्यांनी त्यांतली एक बंद केली. डॉक्टर अशी औषधे का बदलतात?

उत्तर : सासूबाईंना आजच न्या. त्यांना येऊन गेला तो क्षणिक पक्षाघात होता, असेच धरून चालावे. लक्षणे गेली याचा अर्थ गुठळी या वेळी विरघळली, एवढाच आहे. ती जेथून आली ते ठिकाण तसेच आहे. जुन्या पाहण्यांत अशा प्रसंगानंतर तातडीच्या उपचाराविना सुमारे १० टक्के लोकांना तीन महिन्यांत मोठा झटका आला आणि त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच आला. ऑक्सफर्ड येथील २००७ च्या अभ्यासात तपासणी आणि औषधे तातडीने सुरू केल्यावर हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी उतरला. पक्षाघाताविषयीच्या सगळ्या संशोधनात इतक्या साध्या उपायाने इतका मोठा फरक पडल्याची उदाहरणे मला फारशी माहीत नाहीत. पुन्हा तोंड वाकडे होणे, हात खाली घसरणे, बोलणे अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही झाले, तर वेळ पाहून ठेवून थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. स्कॅन होण्याआधी घरातली ॲस्पिरिन देऊ नये, कारण आत रक्तस्राव आहे की गुठळी, हे बाहेरून कळत नाही.

काकांच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. गुठळीचा सौम्य किंवा क्षणिक झटका आल्यावर सुरुवातीचे दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात, म्हणून त्या काळात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे देतात. चीनमधील २०१३ च्या चाचणीत २१ दिवस दोन्ही दिल्यावर तीन महिन्यांतील पक्षाघाताचे प्रमाण ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर आले. पुढे मात्र गुठळीचा धोका कमी होत जातो आणि दोन औषधांमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका तसाच राहतो, म्हणून एक थांबवतात. उरलेली एक सहसा कायमची असते. दात काढायचा म्हणून किंवा लहानशा शस्त्रक्रियेसाठी ती मनाने बंद करू नये.

काही रुग्णांत गुठळी हृदयातून आलेली असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडत असतील तर तेथे रक्त साकळते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. अशांना ॲस्पिरिन पुरत नाही, गुठळी होऊ न देणारे वेगळ्या वर्गातले औषध लागते. ही अनियमितता अधूनमधून येते आणि एका ईसीजीत सापडेलच असे नाही, म्हणून डॉक्टर एक-दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ छातीवर यंत्र लावून ठोके नोंदवण्यास सांगतात. तो खर्च टाळण्यासारखा नाही.

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. पक्षाघातानंतर ते कारण नसताना रडू लागतात, कधी नको तेथे हसतात. व्यायामाला बसवले की थोड्याच वेळात थकतात आणि पडून राहतात. घरातील लोक म्हणतात की ते मनच लावत नाहीत. मी काय करू?

उत्तर : तुम्ही वर्णन केल्या आहेत त्या तीन वेगळ्या गोष्टी असाव्यात, आणि त्यांपैकी एकही आळस नव्हे. अनावर रडू किंवा हसू येणे हा मेंदूचा भावनांवरील ताबा सुटल्याचा परिणाम आहे. आतून तितके दुःख किंवा आनंद नसतानाही ते येते आणि रुग्णाला त्याची लाज वाटते. त्या वेळी कारण विचारत न बसता विषय बदलावा. औषधाने हे पुष्कळ आटोक्यात येते. दुसरी गोष्ट थकवा. तो पक्षाघातानंतर फार सर्रास आढळतो, विश्रांतीने पूर्ण जात नाही आणि हातापायांची शक्ती परत आलेल्यांनाही सतावतो. एका तासाचा व्यायाम पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, आणि दिवसाच्या ज्या वेळी त्यांना ताजेतवाने वाटते त्या वेळी घ्यावा. तिसरी गोष्ट नैराश्य, जे पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी गाठते. झोप उडणे, भूक जाणे, कशातच रस न वाटणे, आपण ओझे झालो असे बोलणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचाराची गरज आहे. बोलणे गेलेल्या रुग्णाला हे सांगता येत नाही, म्हणून तेथे घरच्यांनीच लक्ष ठेवावे.

नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन हे औषध हातापायांची शक्ती वाढवते, अशी आशा काही वर्षांपूर्वी निर्माण झाली होती. ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसे आढळले नाही. नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा नैराश्य असेल तर औषध जरूर द्यावे, केवळ हात हलावा म्हणून मागू नये.

प्रश्न : आईला पाणी पिताना ठसका लागतो, घट्ट पदार्थ मात्र जातात. पाणी देणे कमी करावे का?

उत्तर : पाणी कमी करू नये, द्यायची पद्धत बदलावी. पातळ द्रव वेगाने घशात उतरतो आणि मंदावलेल्या स्नायूंना श्वासनलिका वेळेवर बंद करता येत नाही. दाट पदार्थ सावकाश जातो म्हणून निभावतो. आईला नव्वद अंशांत बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घोट द्यावेत आणि एक घोट पूर्ण गेल्यावरच दुसरा द्यावा. पाणी दाट करण्याची पावडर मिळते, पण ती वापरायची का आणि किती, तसेच हनुवटीची ही स्थिती त्यांना उपयोगी आहे का, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टनी ठरवावे. काही रुग्णांत ठसका न लागताच द्रव फुप्फुसात जातो. त्यामुळे जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येणे, वारंवार ताप येणे किंवा कफ वाढणे, यांकडेही लक्ष ठेवावे, कारण पक्षाघातानंतरच्या न्यूमोनियाचे हे मोठे कारण आहे. दिवसातून दोन-तीन वेळा दात आणि जीभ स्वच्छ केल्यास फुप्फुसात जाणाऱ्या जंतूंची संख्या घटते. तपासणीत गिळणे असुरक्षित ठरले आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचे सुचवले, तर घाबरून नकार देऊ नये; बहुसंख्य रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते आणि नळी निघते.